बाईंचा बांगडा आणि माझं नाक

जर्मनीत भाड्याचं घर बघायला जाताना लोक पगाराच्या पावत्या, बँकेचा दाखला, आधीच्या घरमालकाचं प्रशस्तिपत्र अशी जाडजूड फाइल नेतात. बाड हॉम्बुर्गमधल्या त्या घराचा वरचा मजला बघायला मीही नेली होती. घरमालकीण बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. मला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावरच्या दोन बशा पुढे सरकवल्या. दोन्हींत माशाचा एकेक तुकडा होता.

"यातला शिळा कुठला?"

मी नाशिकची. घरी मटण व्हायचं, कोंबडी व्हायची. समुद्राच्या माशाशी ओळख म्हणजे अलिबागच्या सहलीत खाल्लेली सुरमई. पण नाक लहानपणापासून तिखट. दूध नासायच्या आदल्या दिवशी मला कळतं, आणि शेजाऱ्यांकडे कुकरमध्ये डाळ कुठली लागली आहे तेही. मी वाकून हुंगलं आणि सांगितलं की डावीकडचा कालचा आहे, उजवीकडचा ताजा आहे, आणि नळावरचं फडकं आज धुवायला टाका.

"गेनाऊ, बरोबर," बाई म्हणाल्या. "चाव्या कधी पाहिजेत?"

माझ्या आधी एक डॉक्टर जोडपं येऊन गेलं होतं. दोघांचे पगार माझ्या दुप्पट असणार. त्यांनी दोन्ही बशा हुंगून "दोन्हींना मासळीचा वास येतो" असं सांगितलं, आणि घर माझं झालं.

बाईंना स्वतःला कसलाच वास येत नव्हता. कोविडात गेला तो परत आला नव्हता. हे मला तिथे राहायला गेल्यावर महिन्याभराने समजलं. तोपर्यंत मला वाटत होतं की या बाई भयंकर काटकसरी आहेत, कारण दिवसातून एकदा तरी जिन्यातून हाक यायची. "अगं, हे दही बघ की." "अगं, ही कोथिंबीर बघ की." मी हुंगायची, ठीक आहे किंवा टाका म्हणायची, आणि ऑफिसला जायची. मी तेव्हा तिथल्या एका आरोग्य कंपनीत गुणवत्ता विभागात होते. नवरा पुण्यात, मुलगा बारावीत, मी इकडे एकटी. दिवसभर कामावर जे करत होते तेच घरी करायला माझी काही हरकत नव्हती.

बाई सोलापूरच्या. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, इथल्याच एका इंजिनिअरशी लग्न केलं, आणि त्याच्या कंपनीने त्याला मलेशियात पाठवलं म्हणून त्याच्याबरोबर पेनांगला गेल्या. तिथे बरीच वर्षं राहिल्या. सोलापुरात असताना त्यांनी मासा पाहिला होता तो चित्रात. पेनांगला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारणीने केळीच्या पानात भाजलेला बांगडा आणून दिला आणि बाई तिथेच थांबल्या. म्हणजे पुढे दुसऱ्या माशाकडे गेल्याच नाहीत. पापलेट श्रीमंतांचं, कोळंबी लहान मुलांची, आणि लाक्स, म्हणजे सॅमन, ज्यावर सगळी जर्मनी जीव टाकते, तो त्यांच्या मते मासा नसून गुलाबी साबण होता.

मी पहिल्या दिवशी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी हात वर केला. "मावशी म्हणू नकोस. मावशी म्हणणारे हीटिंगचे पैसे बुडवतात. बाई म्हण."

म्हणून बाई.

शुक्रवारी बांगडा ठरलेला. इथे जी माक्रेले मिळते ती आपल्या बांगड्यापेक्षा मोठी, जास्त तेलकट आणि पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची. बाई तिला "बांगड्याचा युरोपियन साडू" म्हणायच्या. पण साडू तर साडू, घरात घेतल्यावर त्याचा मान ठेवला पाहिजे असं त्यांचं धोरण होतं. त्यांचे प्रकार साधे होते. हळद-मीठ लावून तळलेला. पाठीतून चिरून ओलं खोबरं आणि मिरची भरलेला. केळीच्या पानात गुंडाळून शेगडीवर भाजलेला. पान एशियन दुकानातून गोठवलेलं आणायचं आणि विस्तवावर धरून मऊ करायचं. आणि आसाम पेडास, म्हणजे आंबट-तिखट रस्सा. त्यात चिंच नाहीतर आसाम केपिंग टाकतात, आपल्या आमसुलाच्या भाऊबंदांपैकी एका फळाच्या वाळवलेल्या फोडी. सोबत पांढरा भात आणि काकडी. बाकी काही केलं तर माशाचा अपमान होतो.

खायचं हाताने. मी पहिल्यांदा काटा-चमचा घेतला तेव्हा बाईंनी तो माझ्या हातातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला. डोकं टाकायचं नाही. "डोकं टाकणारा माणूस कामाचा नसतो," त्या म्हणायच्या, आणि आयुष्यात भेटलेल्या डोकं टाकणाऱ्या माणसांची उदाहरणं द्यायच्या. त्यात दोन सर्जन आणि त्यांचा स्वतःचा दीर होता.

या सगळ्याच्या मुळाशी बेलाचान. जवळ्यासारखी बारीक कोळंबी खारवून, कुटून, वाळवून केलेली काळपट वडी. ती आधी भाजायची, मग मिरच्यांबरोबर वाटायची की झाला संबाल. भाजताना जो वास सुटतो तो मी सांगणार नाही. इतकंच सांगते की बाई तो प्रकार शनिवारी सकाळी मागच्या अंगणात करायच्या, आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या पेट्यांत चिठ्ठ्या टाकायच्या. घरात पार्टी असली की इथले लोक "उद्या थोडा आवाज होईल, समजून घ्या" अशी चिठ्ठी लावतात. बाईंची चिठ्ठी तशीच होती. "उद्या सकाळी वास येईल. समजून घ्या." शेजारी समजून घ्यायचे. खिडक्या लावून बसायचे, किंवा बाजारात जायचे.

एका शनिवारी मीही बाजारात गेले होते. परतले तर गल्लीच्या तोंडाशी पट्टी बांधलेली, गॅसवाल्यांची गाडी उभी, आणि दोन माणसं हातात यंत्र घेऊन घराघरांच्या भिंतींशी वाकलेली. चार घरं पलीकडे नवीन कुटुंब आलं होतं. त्यांना चिठ्ठी मिळाली नव्हती. त्यांनी गॅसगळतीचा फोन लावला होता. बाई अंगणात शेगडीसमोर खुर्ची टाकून शांतपणे पेपर वाचत होत्या. शेगडीवर बेलाचान जळून कोळसा झालं होतं आणि त्यातून निळसर धूर निघत होता. त्या धुरात त्या अर्धा तास बसल्या असाव्यात.

मी धावत जाऊन शेगडीवर झाकण टाकलं. गॅसवाला कुंपणापाशी येऊन थांबला. त्याने यंत्र पुढे केलं, यंत्र गप्प. तो म्हणाला की गॅस नाही, पण हे जे काय आहे त्यासाठी त्याच्याकडे यंत्र नाही. बाईंनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे वळल्या.

"जळालं काय गं?" त्यांनी मराठीत विचारलं.

तेव्हा मला दही, कोथिंबीर आणि त्या दोन बशा, सगळ्याचा उलगडा झाला.

संध्याकाळी त्यांनीच विषय काढला, आणि तोही दवाखान्यात केसपेपर वाचून दाखवावा तसा. घ्राणशक्ती शून्य. जीभ शाबूत. आंबट, खारट, गोड, कडू कळतं, मिरची झोंबते, बाकी सगळं नाकाचं खातं आणि ते बंद. नाकाच्या डॉक्टरने सरावाला चार बाटल्या दिल्या होत्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. बाईंनी गुलाबाची बाटली आठवड्यात फेकली. "मी जन्मात गुलाब खाल्लाय काय? काय आठवणार मला त्यात?" तिच्या जागी बेलाचानची डबी ठेवली. अजून काही आलं नव्हतं.

मी म्हटलं, मग लोकांना सांगून टाका ना. यात लाजायचं काय आहे? अर्ध्या जगाचं झालं.

"अर्ध्या जगाला तौके विचारायला येत नाही," बाई म्हणाल्या.

तौके म्हणजे मालक. पेनांगकडे दुकानदाराला, हॉटेलवाल्याला असं म्हणतात. हा तौके फ्रँकफुर्टला स्टेशनजवळ आठ टेबलांचं मलेशियन हॉटेल चालवायचा. पेनांगचाच चिनी, बाईंपेक्षा बराच लहान. त्याने हॉटेल काढलं तेव्हा बाई पहिल्याच दिवशी जेवायला गेल्या, बांगडा परत पाठवला आणि मागोमाग स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून तो कुठलाही नवा पदार्थ बाईंनी चाखल्याशिवाय मेनूत घालत नसे. गिऱ्हाइकं असली तरी टेबलाशी येऊन उभा राहायचा, हात पुसत. बाई घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या, आणि निकाल द्यायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, नोकरी कधीच संपलेली. वॉर्डातल्या नर्सेस ज्यांना घाबरायच्या त्या बाईंना आता जगात एकच माणूस काही विचारत होता.

"नाक गेलं म्हटलं की तो दार उघडेल, खुर्ची देईल, सूप देईल," त्या म्हणाल्या. "विचारणार नाही. मग मी कोण? एस-बान लोकलमध्ये लोक जिला उठून जागा देतात ती म्हातारी."

मी भावुक होत नाही. पण माणसाच्या हातून काम काढून घेतलं की काय होतं ते मी ऑफिसात पाहिलेलं आहे. म्हटलं, ठीक आहे, व्यवस्था करू.

व्यवस्था अशी ठरली. हात माशात असतात, त्यामुळे हाताने खूण करता येत नाही. तोंडाकडे तौके बघत असतो. उरले पाय. टेबलाखाली एक लाथ म्हणजे चांगलं. दोन म्हणजे वासात गडबड आहे. आंबट-खारट त्या स्वतः बघणार. मी आधी घास घ्यायचा, लाथ मारायची, मग बाई डोळे मिटणार.

पहिली तालीम म्युनिकला झाली. मला तिकडे प्रशिक्षण होतं, बाई हवापालटाला म्हणून बरोबर आल्या. तिथल्या बिअरगार्टनमध्ये काठीला खोचून निखाऱ्यांवर अख्खी माक्रेले भाजतात. आणि तिकडची रीत अशी की बिअर त्यांची घ्यायची, खाणं घरून आणलं तरी चालतं. बाईंना ही रीत म्हणजे बव्हेरियाने माणुसकीला दिलेली एकमेव भेट वाटायची. त्यांनी पिशवीतून चौकड्यांचा टेबलक्लॉथ काढला, भाताचा डबा काढला, संबालची बरणी काढली, लिंबं कापली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आपली मुळ्याची चकती हातात धरून बघत राहिलं.

मी मासा चाखला. उत्तम होता. मी एक लाथ मारली, आणि नेमकी तेवढ्यात माझ्या घोट्यावर गांधीलमाशी बसली. मी पाय झटकला तो बाईंना लागला.

बाईंनी डोळे मिटले, उघडले, उठल्या आणि भट्टीवरच्या माणसाकडे गेल्या. तो मिशीवाला, लेदरच्या चड्डीतला, तिथे जन्म घालवलेला. बाईंनी त्याला सांगितलं की धुराचा वास जास्त झाला आहे, लाकूड ओलं आहे. त्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायरिश बोलीत जे सांगितलं ते मला समजलं नाही, बाईंना समजलं. त्यांनी सोलापुरीत उत्तर दिलं, ते त्याला समजलं असावं. शेवटी त्याने दुसरा मासा दिला, रागाने. मी घाईघाईने एकच लाथ मारली. बाई परत जाऊन त्याला म्हणाल्या की आता सुधारणा आहे.

गांधीलमाशीचं मी गाडीत बसल्यावर सांगितलं. बाईंनी संबालच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "आल्झो, असं करू, त्याला संबालची एक बरणी पाठवू. पण माफी मागायची नाही. सवय लागते."

फ्रँकफुर्टला मात्र व्यवस्था चोख चालली. शिवाय मी शिकत गेले. बेलाचान नीट भाजलं आहे की कच्चं, केळीचं पान करपलं की नुसतं तापलं, तेल आधी कशात वापरलेलं, हे मला घासागणिक ओळखू यायला लागलं. तौकेने मेनूवरून दोन पदार्थ काढले आणि एक घातला, सगळं माझ्या उजव्या पायाच्या सांगण्यावरून. बाई घरी येऊन म्हणायच्या, आज मी काय सांगितलं ते बरोबर होतं ना? मी म्हणायची, तुम्ही जे सांगितलं ते मीच सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, तसं नाही, पण मी सांगितलं कसं?

ते खरं होतं. निकाल माझा असला तरी असा सांगणं मला कधीच जमलं नसतं. मला एखादी गोष्ट बरी वाटली नाही की मी "ठीक आहे" म्हणते. बाई म्हणायच्या, "या संबालात कुणीतरी घाई केली आहे." तौके मान खाली घालायचा.

मग तो आसाम पेडासचा दिवस आला. तौके हिवाळ्याचा नवा मेनू करत होता आणि बांगड्याचा आंबट-तिखट रस्सा त्यात पहिल्या ओळीत घालायचा होता. शिवाय बेलाचानचा जुना पुरवठादार बंद झाला होता, नवा स्वस्तात देत होता, आणि त्याला वर्षाची मागणी त्याच आठवड्यात कळवायची होती. हे सगळं त्याने आम्ही कोट काढेपर्यंत सांगून टाकलं. म्हणाला, आंटी, आज दोन गोष्टी सांगा. रस्सा आणि संबाल.

मी रस्सा चाखला. लालभडक, वर मासा, वास झकास. मी एक लाथ मारली.

बाईंनी घास घेतला. डोळे मिटले नाहीत. दुसरा घास घेतला, नुसत्या रश्शाचा, तळहातावर घेऊन. तौके हात पुसायचा थांबला. मी परत एक लाथ मारली, जरा जोरात, कारण मला वाटलं पहिली लागली नाही.

"मारू नकोस," बाई मराठीत म्हणाल्या. मग तौकेला जर्मनमध्ये म्हणाल्या, "यात चिंच नाही. आसाम केपिंगही नाही. हे बाटलीतलं लिंबू आहे."

तौकेने फडकं खांद्यावर टाकलं. आसाम केपिंगची पेटी बंदरात अडकली आहे, तो म्हणाला. आठ दिवस बाटलीतल्या लिंबावर चाललं आहे. एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही.

"लिंबू पुढे आंबट असतं आणि मागे काही नसतं. केपिंग मागून येतं, जबड्याच्या इथे." बाईंनी ओल्या बोटाने स्वतःच्या कानाखाली दाखवलं. "पेटी येईपर्यंत मेनूत घालू नको."

तौके खूश झाला. सगळी दुनिया सांगते तसं मस्त आहे असं न सांगणारं कुणीतरी आहे, म्हणून खूश. त्याने लगेच संबालची वाटी पुढे केली. नवं बेलाचान. आंटी, घेऊ की नको?

मी बोट लावून चाखलं आणि दोन लाथा मारल्या. शंकाच नव्हती. बाईंना फक्त घास घ्यायचा होता, डोळे मिटायचे होते आणि "नको" म्हणायचं होतं. त्यांनी वाटी उचलली, नाकाशी नेली, तशीच खाली ठेवली.

"हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाक गेलंय. कोविडात. हे हिला विचार."

तौके माझ्याकडे बघायला लागला. मग बाईंकडे. मग त्याने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसला. एवढ्या वर्षांत बाईंनीही त्याला बसलेला पाहिला नव्हता. त्याने विचारलं, मग उन्हाळ्यात तळलेला बांगडा मेनूवरून काढायला सांगितला तो? बाई म्हणाल्या, हिने. आणि केळीच्या पानाचा दुकानदार बदलायला लावला तो? हिने. तुम्ही मलेशियात किती राहिलात, त्याने मला विचारलं. मी म्हटलं, कधीच गेले नाही. नाशिकला होते.

तो हसेल किंवा चिडेल असं मला वाटलं. त्याने फक्त वाटी माझ्याकडे सरकवली. मी "ठीक आहे" म्हणणार होते. बाई समोर बसलेल्या होत्या आणि त्यांनी या खेपेला मला काहीही मदत करायची नाही असं ठरवलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"घेऊ नका," मी म्हटलं. "ओल्या पोत्याचा वास येतो. भाजलं तरी जाणार नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," तौके म्हणाला, जरा दुःखाने, कारण भाव खरोखरच चांगला होता.

परतताना एस-बानला गर्दी होती. एक मुलगा उठून बाईंना जागा द्यायला लागला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. दांडा धरून उभ्या राहिल्या.

मी विचारलं की इतके दिवस निभावलं ते आजच का सांगून टाकलंत. दोन लाथा तुम्हाला लागल्या होत्या ना?

"लागल्या की. चांगल्या लागल्या." त्यांनी दुसऱ्या हाताने गुडघा चोळला. "पण आंबटाचं ते माझं होतं. उद्या कधी भांडं फुटलं असतं तर तो म्हणाला असता, तेही हिच्याच लाथेने आलं. ते मला चाललं नसतं."

गाडी बोगद्यात शिरली. बाईंना अजून काहीतरी म्हणायचं होतं, त्या गाडीचा आवाज कमी व्हायची वाट बघत होत्या.

"आणि तू," त्या म्हणाल्या, "बाटलीतल्या लिंबाला चांगलं म्हणालीस. दोनदा. उद्यापासून रोज खाली येऊन जेवायचं. नाक आहे तुझ्याकडे, पण जीभ कुणी घडवलीच नाही तुझी."